गेमिंगसाठी सराउंड साउंड: डॉल्बी, डीटीएस, विंडोज सॉनिक की गेमचा स्वतःचा आवाज?

काउंटर-स्ट्राइक २ या नेमबाजीच्या गेममधला न्यूक हा मॅप तुम्ही खेळला असाल तर तिथली पंचाईत तुम्हाला माहीत असेल. बॉम्ब लावायच्या दोन जागा तिथे शेजारी-शेजारी नाहीत, एकीच्या डोक्यावर दुसरी आहे. मी खालच्या बी साइटवर कोपरा धरून बसलो होतो. पावलं स्वच्छ ऐकू येत होती, उजव्या कानात, अगदी जवळ. मी उजवीकडच्या दारावर नेम धरला. माणूस प्रत्यक्षात वरच्या मजल्यावर होता. तो व्हेंटमधून माझ्या पाठीमागे उतरला आणि राउंड संपला. हेडसेट नवा होता, खोक्यावर मोठ्या आकड्यांत ७.१ (म्हणजे सात स्पीकर आणि एक सबवूफर) छापलेलं होतं, आणि असं दर संध्याकाळी होत होतं.

त्याच आठवड्यात मित्राच्या घरी त्याच्या जुन्या, साध्या वायरच्या हेडफोनवर तोच मॅप खेळलो. वर कोण, खाली कोण, मागे कोण, सगळं कळत होतं. घरी येऊन मी सेटिंग्ज एकेक करून उघडत गेलो तेव्हा कारण सापडलं. हेडसेटच्या सॉफ्टवेअरचं सराउंड चालू होतं, त्यावर विंडोजचं स्वतःचं सराउंड, विंडोज सॉनिक, चालू होतं, आणि गेम तर स्वतःचं काम करतच होता.

हेडफोनमध्ये स्पीकर दोनच असतात, एका कानाला एक. चहूबाजूंनी आवाज येतोय असं वाटणं हा सगळा गणिताचा भाग आहे, आणि ते गणित गेमपासून कानापर्यंतच्या वाटेत एकदाच व्हायला हवं. माझ्याकडे ते तीनदा होत होतं. हा लेख त्यासाठीच आहे: ते गणित तुमच्याकडे कुठे-कुठे होतंय हे शोधायचं, एक सोडून बाकीचे बंद करायचे, आणि उरलेल्यांत आपल्या कानाला कोणाचं पटतं ते तपासायचं.

हाताशी काय हवं

- विंडोज १० किंवा ११ चा कॉम्प्युटर
- दोन्ही बाजू नीट वाजणारा कोणताही हेडफोन, शक्यतो वायरचा
- तुम्ही रोज खेळता तो गेम, आणि त्यात वीस मिनिटं मदत करेल असा एक मित्र
- कागद-पेन
- डॉल्बी ॲक्सेस आणि डीटीएस साउंड अनबाउंड ही दोन ॲप्स, मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून. दोन्ही काही दिवस फुकट वापरून पाहता येतात, म्हणून चौथी पायरी संपेपर्यंत त्यांची फुकट मुदत सुरू करू नका.

नवा हेडसेट यादीत मुद्दाम नाही. आधी आहे त्यावर हे सगळं करून पाहा. निम्म्या लोकांना पुढे काही विकत घ्यावंच लागत नाही असा माझ्या ओळखीतला अनुभव आहे.

## १. कान दिशा कशी ओळखतो ते आधी समजून घ्या

ही पायरी गाळायचा मोह होईल, पण पुढचे सगळे निर्णय हिच्यावर उभे आहेत.

उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानाला आधी पोचतो आणि डाव्याला नंतर. डोक्याच्या रुंदीमुळे पडणारा हा फरक जास्तीत जास्त ०.७ मिलिसेकंदाच्या आसपास असतो, तरी मेंदू तो अचूक पकडतो. शिवाय मध्ये डोकं आडवं आल्याने डाव्या कानात तोच आवाज थोडा दबून येतो. डावं-उजवं कळायला एवढं पुरतं.

खरी अडचण समोरच्या आणि मागच्या आवाजाची. बरोबर नाकासमोरचा आवाज दोन्ही कानांवर एकाच वेळी, सारख्याच जोराने पोचतो. बरोबर पाठीमागचाही तसाच. डोक्यावरचाही तसाच. मग फरक कळतो कशावरून? कानाच्या बाहेरच्या भागाला ज्या वळ्या आणि खाचा आहेत, त्यांवर आपटून आवाजाचा पोत बदलतो. समोरून आला तर एका तऱ्हेने, मागून आला तर दुसऱ्या, वरून आला तर तिसऱ्या. जन्मापासून हे ऐकून ऐकून मेंदूला त्याची ओळख झालेली असते.

हे सगळे बदल मोजून ठेवलेलं जे कोष्टक असतं त्याला एचआरटीएफ म्हणतात. माणसाच्या किंवा पुतळ्याच्या कानात बारीक माइक बसवायचे, चारी दिशांनी आवाज वाजवायचे आणि कानात काय पोचलं ते नोंदवायचं. मग गेममधल्या पावलांच्या आवाजाला त्या दिशेचे बदल लावले की हेडफोनमध्येही पाऊल ‘मागून’ आल्यासारखं वाटतं.

यात एक मोठी अडचण आहे. ते कान दुसऱ्या कोणाचे तरी असतात. कोणाला एका कंपनीचं कोष्टक चपखल बसतं, कोणाला त्याच कोष्टकात समोरचा आवाज कपाळातून येतोय असं वाटतं. दुसऱ्याच्या मापाची चप्पल कधी बरोबर बसते, कधी चावते, तसंच. म्हणून ‘सगळ्यात चांगलं कोणतं’ या प्रश्नाला दुसऱ्याचं उत्तर चालत नाही. व्हिडिओमधल्या परीक्षकाचे कान तुमचे नाहीत.

एक गोष्ट मात्र आपल्या बाजूने आहे. खऱ्या आयुष्यात आवाज पुढून की मागून अशी शंका आली तर आपण नकळत मान थोडी वळवतो आणि लगेच कळतं. गेममध्ये मान म्हणजे माउस. पाऊल ऐकू आलं की माउस जरासा डावी-उजवीकडे हलवा. समोरचा आवाज असेल तर तो तुमच्या वळण्याच्या उलट कानाकडे सरकेल, मागचा असेल तर त्याच कानाकडे. ही सवय लागली की साध्या स्टिरिओवरही पुढे-मागेचा घोळ बराच कमी होतो.

## २. तुमचा आवाज कोणत्या वाटेने येतो ते लिहून काढा

कागदावर चार चौकोन काढा: गेम, विंडोज, हेडसेटचं किंवा साउंड कार्डचं सॉफ्टवेअर, आणि हेडफोन. सराउंडचं गणित पहिल्या तीनपैकी कुठेही होऊ शकतं. प्रत्येक चौकोनात आत्ता काय चालू आहे ते लिहा.

आता वायरकडे पाहा.

साडेतीन मिलिमीटरची पिन: हिच्यातून आवाजाचे दोनच प्रवाह जातात. त्यामुळे पिनवाल्या हेडसेटच्या खोक्यावर ७.१ लिहिलं असेल तर तो सराउंड कॉम्प्युटरमधल्या सॉफ्टवेअरचा असतो, हेडसेटचा नव्हे. लॅपटॉपला एकच भोक असेल आणि हेडसेटला माइक-आवाजाच्या दोन वेगळ्या पिना असतील तर दोनाची एक करणारी छोटी वायर लागेल.

यूएसबी किंवा यूएसबी डोंगल: हेडसेटमध्येच छोटं साउंड कार्ड असतं. बरेचसे असे हेडसेट विंडोजला ‘मी आठ चॅनेलचा (आवाजाच्या आठ प्रवाहांचा) आहे’ असं सांगतात, आणि आलेले आठ चॅनेल स्वतःच्या गणिताने दोन कानांत बसवतात. माझा हेडसेट या जातीचा होता.

ब्लूटूथ: इथे दोन सापळे आहेत. पहिला, आवाज उशिरा पोचणं. नेहमीच्या ब्लूटूथवर हा उशीर गोळी सुटलेली दिसल्यावर आवाज येण्याइतका जाणवतो. दुसरा सापळा जास्त वाईट आहे आणि तो कोणी सांगत नाही. बहुतेक ब्लूटूथ हेडफोनचा माइक चालू झाला की जोडणी फोनकॉलच्या पद्धतीवर जाते, आणि ती पद्धत मोनो असते. म्हणजे तुम्ही डिस्कॉर्डवर मित्रांशी बोलायला लागलात की डावं-उजवंच शिल्लक राहत नाही, मग डॉल्बी असो की आणखी काही. ब्लूटूथच वापरायचं असेल तर माइक वेगळा घ्या, किंवा विंडोजमध्ये इनपुट म्हणून लॅपटॉपचा माइक निवडा. बिनतारीच हवं असेल तर २.४ गिगाहर्ट्झचा डोंगल येणारा हेडसेट बघा.

## ३. सगळं बंद करून साध्या स्टिरिओवर या

तुलना करायची तर सुरुवात स्वच्छ पाटीवरून व्हायला हवी.

अ) सेटिंग्ज, सिस्टीम, साउंड या वाटेने जा, तुमचा हेडफोन निवडा आणि ‘स्पेशियल साउंड’ समोर ‘ऑफ’ करा. विंडोज ११ च्या अलीकडच्या आवृत्तीत विंडोज, कंट्रोल आणि व्ही ही तीन बटणं एकत्र दाबली तर हेच पान कोपऱ्यात उघडतं. पुढे पर्याय पटापट बदलायला हे फार उपयोगी पडेल.

आ) त्याच पानावरचे ‘ऑडिओ एन्हान्समेंट्स’ बंद करा. ‘लाउडनेस इक्वलायझेशन’ चालू असेल तर तेही सध्या बंद. ते दूरचा हलका आवाज उचलतं आणि जवळचा मोठा आवाज दाबतं. पावलं मोठी ऐकू येतात म्हणून अनेकांना आवडतं, पण मग माणूस पाच पावलांवर आहे की पंधरा, हे कळत नाही.

इ) हेडसेटचं सॉफ्टवेअर उघडा आणि सराउंड, थ्रीडी, व्हर्च्युअल असं ज्यावर लिहिलं असेल ते बंद करा. काही हेडसेटच्या वायरवर किंवा कानाच्या कपावर त्याचं बटण असतं. माझ्या हेडसेटच्या वायरवर होतं आणि मी महिनाभर त्याला आवाज बंद करायचं बटण समजत होतो.

ई) मदरबोर्डबरोबर आलेलं आवाजाचं ॲप असेल तर त्यातलेही परिणाम बंद करा. लॅपटॉपवर ही ॲप्स आधीपासूनच चालू असतात, म्हणून हा टप्पा वगळू नका.

उ) ॲक्सेसिबिलिटीमध्ये ‘मोनो ऑडिओ’ नावाचं बटण असतं. ते बंद आहे ना, पाहा. ते चालू राहिलं तर पुढचं सगळं व्यर्थ.

ऊ) जुन्या कंट्रोल पॅनलमधलं साउंड उघडा, हेडफोन निवडून ‘कॉन्फिगर’ दाबा, ‘स्टिरिओ’ निवडा आणि ‘टेस्ट’ करा. डावा डावीकडेच वाजतो ना, याची खात्री करा. हेडफोन उलटा घातलेला असणं ही अगदी रोजची चूक आहे. कपावरचं एल आणि आर बघा.

आता या साध्या अवस्थेत दोन-तीन दिवस खेळा. मधल्या काळात कान रुळतो. एका सराउंडवरून थेट दुसऱ्यावर उडी मारली तर पहिल्याची सवय दुसऱ्याबद्दल खोटं बोलते.

## ४. गेमच्या आत काय दिलंय ते पाहा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, म्हणून इथे जरा थांबू.

७.१ म्हणजे काय? तुमच्याभोवती सात स्पीकर आणि एक बास देणारा सबवूफर. पण हे सातही स्पीकर कानाच्या पातळीवर आहेत. वर एकही नाही, खाली एकही नाही. गेमला जेव्हा सांगितलं जातं की ‘समोर ७.१ आहे’, तेव्हा वरच्या मजल्यावरची पावलंही गेमला याच सात स्पीकरांत वाटून टाकावी लागतात. उंची तिथेच हरवते. नंतर हेडसेटने ते सात प्रवाह कितीही कौशल्याने दोन कानांत बसवले तरी हरवलेली उंची परत येत नाही. न्यूकमध्ये माझ्या डोक्यावरचा माणूस मला उजवीकडे ऐकू येत होता तो असा.

उलट, गणित गेमच्या आत होतं तेव्हा गेमला प्रत्येक आवाजाची नेमकी जागा माहीत असते: किती अंश उजवीकडे, किती उंच, किती लांब, मध्ये भिंत आहे का. तिथून थेट दोन कानांचा आवाज तयार होतो. वाटेत काही सांडत नाही. म्हणून पहिला नियम: गेममध्ये हेडफोनसाठीचं स्वतःचं एचआरटीएफ असेल तर तेच वापरा आणि बाकी सगळं बंद ठेवा.

काही ओळखीचे गेम:

काउंटर-स्ट्राइक २: वाल्व्ह कंपनीने २०१७ मध्ये स्टीम ऑडिओ नावाचं तंत्र बाहेर आणलं, तेच यात आत बसवलेलं आहे. वेगळं चालू करावं लागत नाही. ऑडिओ सेटिंग्जमध्ये ‘एल/आर आयसोलेशन’ नावाची पट्टी आहे. ती वाढवली की एका बाजूचा आवाज दुसऱ्या कानात कमी झिरपतो. मी ती अर्ध्याच्या आसपास ठेवतो. पूर्ण वाढवली तर डावं-उजवं कडक होतं पण समोरचा पट्टा अस्पष्ट होतो. ‘ईक्यू प्रोफाइल’मध्ये ‘क्रिस्प’ घेतलं तर पावलांच्या कडा उठून येतात. दीर्घ वेळ खेळलं की कान मात्र दमतात.

व्हॅलोरंट: ऑडिओ सेटिंग्जमध्ये एचआरटीएफचं बटण आहे. २०२१ मध्ये ते आलं तेव्हा पावलं, रीलोड अशा ठरावीक आवाजांनाच लागू होतं, म्हणून चालू करून लगेच फार फरक वाटला नाही तर गोंधळू नका. पावलांकडे लक्ष द्या. हे चालू असताना विंडोजचं स्पेशियल साउंड बंद.

ओव्हरवॉच: २०१६ पासून हेडफोनसाठीचं डॉल्बी ॲटमॉस गेमच्या आतच होतं, त्यासाठी वेगळा परवाना लागत नव्हता. ज्यांनी याच गेमसाठी डॉल्बीचे पैसे भरले त्यांनी एकाच गोष्टीचे दोनदा थर लावले.

हेलब्लेड, सेनुआज सॅक्रिफाइस: हा २०१७ चा गेम वेगळ्या कारणासाठी सांगतो. नायिकेच्या डोक्यातले आवाज पुतळ्याच्या कानांतले माइक वापरून ध्वनिमुद्रित केलेले आहेत. दिशा त्या ध्वनिमुद्रणातच आहे. सगळं बंद ठेवून साध्या स्टिरिओ हेडफोनवर ऐका, कुजबुज कानामागून फिरते. मग डॉल्बी किंवा हेडसेटचं सराउंड चालू करून तोच प्रसंग ऐका. कुजबुज लांब जाते, पातळ होते. ‘दोनदा गणित’ म्हणजे काय हे कानाला पटवून देणारा याहून सोपा प्रयोग मला सापडलेला नाही.

गेमच्या सेटिंग्जमध्ये ‘हेडफोन’, ‘थ्रीडी ऑडिओ’, ‘बायनॉरल’, ‘एचआरटीएफ’ यांपैकी काहीही दिसलं तर ते आधी आजमावा. फक्त ‘स्टिरिओ / ५.१ / ७.१’ एवढंच असेल, किंवा आवाजाचा पर्यायच नसेल, तर पुढच्या पायरीची गरज आहे.

## ५. विंडोजचे तीन पर्याय

विंडोज सॉनिक फॉर हेडफोन्स. २०१७ च्या क्रिएटर्स अपडेटबरोबर आलं. फुकट, काही उतरवून घ्यायला नको. चालू केलं की विंडोज गेमला ‘समोर ७.१ आहे’ असं सांगतं आणि ते सात स्पीकर हेडफोनमध्ये कल्पून देतं. गेमने प्रत्येक आवाजाची वेगळी जागा पाठवली तर उंचीही सांभाळतं. आवाजाचा मूळ रंग फारसा बदलत नाही. मला ते थोडं कोरडं वाटतं, आणि स्पर्धेच्या खेळात कोरडेपणा चांगलाच.

डॉल्बी ॲटमॉस फॉर हेडफोन्स. ॲटमॉस मूळचं सिनेमागृहातलं, २०१२ चं. त्याची मूळ कल्पना अशी की आवाज ठरावीक स्पीकरला बांधायचा नाही, ‘ही वस्तू, ही तिची जागा’ असं नोंदवायचं आणि वाजवणाऱ्या यंत्राने जमेल तसं ते मांडायचं. हेडफोनसाठी एकदाच पैसे भरायचे, दरमहा नाही. परवाना मायक्रोसॉफ्टच्या खात्याशी जोडलेला राहतो. मेट्रो एक्झोडस, सायबरपंक २०७७ असे ॲटमॉस समजणारे गेम असतील तर पाऊस खरोखर वरून पडतो. आवाजाला खोलीची जाण येते, थोडा भारदस्तपणा येतो. ॲपमध्ये ‘गेम’ प्रोफाइल निवडा. ‘मूव्ही’वर राहिलं तर पावलं बासखाली दबतात.

डीटीएस हेडफोन:एक्स. हेही एकदाच पैसे. पण थांबा, अनेक हेडसेटबरोबर याचा परवाना आधीच दिलेला असतो. खोकं किंवा माहितीपत्रक बघा, नाहीतर ॲप उघडून पाहा. यात तुमच्या हेडफोनचं मॉडेल निवडता येतं, यादीत नसेल तर कानावर बसणारा की कानात जाणारा एवढं सांगता येतं. शिवाय ‘बॅलन्स्ड’ आणि ‘स्पेशियस’ असे दोन ढंग आहेत. नेमबाजीच्या गेमला ‘बॅलन्स्ड’. माझ्या कानाला समोरचा आवाज तिघांत यातच सगळ्यात नीट समोर वाटतो, माझ्या भावाला मात्र डॉल्बीत. एकाच घरातले दोघे, तरी असं.

तिघांपैकी कोणतंही चालू केल्यावर गेम पूर्ण बंद करून परत उघडा. बरेच गेम सुरू होताना एकदाच विचारतात की समोर किती चॅनेल आहेत. मध्येच बदललं तर त्यांना कळत नाही, आणि आपण मात्र ‘काही फरकच नाही’ असं म्हणून मोकळे होतो. गेममध्ये ७.१ किंवा ‘होम थिएटर’ असा पर्याय असेल तर तो इथे निवडायचा, कारण या वेळी दोन कानांचं गणित विंडोज करणार आहे, गेम नाही.

## ६. डोळे मिटून चाचणी घ्या

कोणतं सराउंड ‘भारी’ वाटतं हे ऐकून निर्णय घेऊ नका. भारी वाटणं म्हणजे बहुतेकदा बास आणि घुमारा वाढलेला असतो. आपल्याला दिशा हवी आहे, तर दिशाच तपासू.

मी मामेभावाबरोबर असं केलं. खाजगी सामना उघडला, फक्त आम्ही दोघे. मी मोकळ्या जागेत मधोमध उभा राहिलो, समोर एक खांब ठेवून, म्हणजे डोळे मिटले तरी ‘समोर’ कुठे ते ठरलेलं. तो कोणत्याही जागेवरून चार पावलं चालायचा आणि थांबायचा. मी डोळे न उघडता माउस वळवून आवाजाकडे तोंड करायचं, मग डोळे उघडायचे. तो दिसला तर बरोबर. दर पर्यायाला वीस वेळा. त्यातली पाच वेळा पाठीमागून, पाच वेळा वरच्या मजल्यावरून, हे त्याने स्वतः गुपचूप ठरवायचं. कागदावर तीन रकाने: बाजू चुकली, पुढे-मागे चुकलं, वर-खाली चुकलं.

दोन काळज्या घ्या. एक, दोन पर्यायांचा आवाज सारखा मोठा ठेवा. डॉल्बी आणि डीटीएस चालू केले की आवाजाची पातळी बदलते, आणि जो पर्याय मोठा ऐकू येतो तोच चांगला असं कान बेधडक सांगतो. दुसरी, कोणता पर्याय चालू आहे हे शक्य असेल तर दुसऱ्या कोणाला बदलायला सांगा. आमच्याकडे बहिणीने खुर्चीमागे उभं राहून बदललं, आणि माझं लाडकं सराउंड कोणतं हे मला ओळखताच आलं नाही.

माझा कागद अजून मॉनिटरखाली आहे. हेडसेटच्या ७.१ मध्ये ‘वर-खाली’चा रकाना काठोकाठ भरलेला आहे. गेमच्या स्वतःच्या आवाजात त्याच रकान्यात तीन रेघा.

## ७. याही पलीकडे जायचं असेल तर

विंडोजचे तिन्ही पर्याय कानाला बसले नाहीत तर हेसुवी नावाचं फुकट साधन आहे. ते इक्वलायझर एपीओ या दुसऱ्या फुकट साधनावर चालतं. त्यात निरनिराळ्या कंपन्यांच्या जुन्या-नव्या सराउंडची कोष्टकं एका यादीत मिळतात. एकामागून एक ऐकून आपल्या कानाला बसेल ते निवडायचं. अट एवढीच की विंडोजला ७.१ दिसणारं उपकरण हवं. तुमच्या साउंड कार्डला ते येत नसेल तर व्हर्च्युअल केबलचं सॉफ्टवेअर मध्ये बसवावं लागतं. हा तासाभराचा उद्योग आहे आणि त्यातही उंची मिळत नाही, पण ज्यांना तयार पर्याय चावतात त्यांच्यासाठी वाट आहे.

जुने गेम खेळणाऱ्यांसाठी थोडा इतिहास, कारण त्यातच उपाय आहे. नव्वदीच्या दशकाच्या शेवटी ऑरियल कंपनीचं ए३डी नावाचं तंत्र होतं. त्याची मुळं नासासाठी झालेल्या संशोधनापर्यंत जातात. १९९८ च्या हाफ-लाइफमध्ये ते वापरता यायचं. क्रिएटिव्ह कंपनीशी कोर्टकचेऱ्या झाल्या, ऑरियलने दावा जिंकला पण पैसे संपले, आणि २००० मध्ये क्रिएटिव्हनेच तिची मालमत्ता विकत घेतली. मग क्रिएटिव्हचं ईएएक्स हे गेमच्या आवाजाचं तंत्र चाललं. २००७ मध्ये विंडोज व्हिस्टा आलं आणि डायरेक्टसाउंड या विंडोजमधल्या, गेमचा आवाज वाजवणाऱ्या भागाचा साउंड कार्डाशी थेट संबंधच तोडला गेला. त्या काळातले गेम आज सपाट वाजतात ते म्हणून. क्रिएटिव्हच्या कार्डावर अल्केमी हे सॉफ्टवेअर, आणि बाकी कोणत्याही कार्डावर डीएसओएएल व ओपनएएल सॉफ्ट यांची जोडी, यांनी तो आवाज परत आणता येतो. ओपनएएल सॉफ्टमध्ये एचआरटीएफ चालू करायची सोय आहे. वीस वर्षांपूर्वीचा गेम अशा आवाजात ऐकताना मला फार आनंद झाला.

## ८. खरे स्पीकर लावणार असाल तर

इथे कानाचं कोष्टक लागतच नाही, तुमचेच कान काम करतात. खोली आणि शेजारी परवानगी देत असतील तर याला तोड नाही.

मांडणी ५.१ साठी: समोरचे दोन स्पीकर मध्यापासून प्रत्येकी ३० अंशांवर, मागचे दोन १०० ते १२० अंशांच्या मध्ये, म्हणजे कानाच्या रेषेच्या किंचित मागे. आपल्याकडे मागचे स्पीकर खोलीच्या अगदी मागच्या कोपऱ्यात छताजवळ टांगायची पद्धत आहे. गेमला ते चालत नाही. सगळे शक्यतो सारख्याच अंतरावर आणि कानाच्या उंचीवर.

जोडणीत बहुतेक जण ऑप्टिकल वायरपाशी फसतात. तपकीर गल्लीत किंवा लॅमिंग्टन रोडवर ‘ऑप्टिकल घ्या, ५.१ मिळेल’ असं सहज सांगतात. ऑप्टिकलमधून न दाबलेला (कॉम्प्रेस न केलेला) आवाज दोनच चॅनेलचा जातो. सिनेमाचा ५.१ आधीच दाबलेला असल्याने तो पोचतो, पण गेमचा आवाज त्या क्षणी तयार होतो, आणि तो तिथल्या तिथे दाबायला साउंड कार्डात डॉल्बी डिजिटल लाइव्ह किंवा डीटीएस कनेक्ट असावं लागतं. नसेल तर मागचे स्पीकर गप्प राहतात. त्यापेक्षा ग्राफिक्स कार्डातून एचडीएमआयने रिसीव्हरला जोडा. त्यातून आठ चॅनेल न दाबता जातात. पिनांवर चालणारा ५.१ संच असेल तर मदरबोर्डवरच्या तीन भोकांत तीन वायरी: हिरवं समोरच्यांना, काळं मागच्यांना, केशरी मध्याला आणि सबवूफरला. मग कंट्रोल पॅनलमधल्या ‘कॉन्फिगर’मध्ये ५.१ निवडून प्रत्येक स्पीकर वाजवून पाहा, आणि गेमच्या सेटिंग्जमधून ‘हेडफोन’ काढून ‘स्पीकर’ करा. एचआरटीएफ लावलेला आवाज स्पीकरवर विचित्र ऐकू येतो.

## ९. बसवलेली घडी मोडू नये म्हणून

तुमचा पर्याय ठरला की स्पेशियल साउंडच्या पानाचा, हेडसेटच्या सॉफ्टवेअरचा आणि गेमच्या ऑडिओ पानाचा फोनवर फोटो काढून ठेवा. हेडफोन दुसऱ्या यूएसबी भोकात लावला तर विंडोज त्याला नवं उपकरण समजू शकतं, आणि मग त्याची सेटिंग्ज पहिल्यापासून. विंडोजचं मोठं अपडेट किंवा साउंडचा नवा ड्रायव्हर आल्यावरही एन्हान्समेंट्स परत चालू झालेले मला दोनदा सापडले. पावलं अचानक घुमायला लागली, किंवा सगळं उजवीकडूनच यायला लागलं, तर हेडफोनला दोष द्यायच्या आधी फोटो उघडा आणि तिसरी पायरी अ पासून ऊ पर्यंत परत करा. दहा मिनिटं लागतात.